ऑक्टोबरात जागा बघू नये

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जमिनी दाखवण्याचा हंगाम दसऱ्याच्या पुढं सुरू होतो. पाऊस ओसरलेला असतो, भाताच्या लोंब्या वाकायला लागलेल्या असतात, ओढ्याला नितळ पाणी असतं आणि जांबोटीच्या अंगाला डोंगरांची रांग स्वच्छ दिसते. अशा दिवसांत पुण्या-मुंबईच्या माणसाला कुठलाही माळ दाखवा, तो इसाऱ्याचे पैसे काढायला तयार होतो. एजंटांना हे पक्कं ठाऊक आहे. मे महिन्यात फोन केला तर म्हणतात, 'साहेब, ऊन फार आहे, एक पाऊस पडून जाऊ दे की.' जुलैत केला तर म्हणतात, 'रस्ता जरा खराब आहे, गणपती झाल्यावर या.' जमिनीचं खरं रूप कळतं ते याच दोन महिन्यांत.

माझा कॉलेजपासूनचा मित्र पुण्यात आयटीत आहे. कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायची चोरी झाली, तेव्हापासून त्यानं मनाशी घेतलंय की थोडी जमीन पाहिजे. स्वतःची विहीर, स्वतःचं धान्य, दोन गाई, छपरावर सोलर. उद्या काहीही होवो, घर चालू राहिलं पाहिजे. विचार वेडगळ नाही. बेळगाव जिल्हा निवडला तो भाषा चालते, हवा चांगली आणि पुण्याहून हायवेनं एका दिवसात येता येतं म्हणून. मग त्यानं मला एक एक्सेल शीट पाठवली. अमेरिकेत लोक असे आडबाजूला राहायला जाण्याआधी एकेका काउंटीला गुण देतात म्हणे. वस्ती किती विरळ, हायवे किती लांब, लष्करी तळ आणि अणुभट्टी किती लांब, पाऊस किती, घराचा कर किती. तेच रकाने उचलून त्यानं आमच्या तालुक्यांना लावले होते.

लष्करी तळाचा रकाना वाचून मला हसू आलं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि आमच्या गावागावांतली पोरं पहाटे रस्त्यावर धावतात ती तिथं भरती व्हायचं म्हणून. २०१९ च्या पुरात घरांच्या छपरावर बसलेली माणसं लष्कराच्या बोटींची वाट बघत होती. अणुभट्टी म्हणाल तर कैगाची, कारवार तालुक्यात, मधे दांडेलीचं जंगल. हे दोन्ही रकाने मी न विचारता खोडले. वस्तीचा रकाना खोडला तेव्हा मात्र आमचं वाजलं.

त्याच्या शीटमध्ये सगळ्यांत जास्त गुण मिळाले होते भीमगडच्या गावांना. हिशेब त्याच्या दृष्टीनं बरोबर होता. दाट जंगल, मोजकी घरं, वाहते झरे, हायवेचा आवाज नाही. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. गवाळी, तळेवाडी, आमगाव, कृष्णापूर, देगाव ही गावं त्याच्या पोटात आली. देगावच्या बाजूला म्हादई उगम पावते, आणि थोडं अलीकडं कणकुंबीला मलप्रभा. पावसाचे आकडे या पट्ट्यात हजारो मिलिमीटरांत मोजायचे. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच जगली, जे माझ्या मित्राला आता विकत घ्यायचंय. स्वतःचं भात, स्वतःची नाचणी, गुरं, मध, ओढ्याचं पाणी.

आणि तीच माणसं आता बाहेर निघालीत. तळेवाडीच्या कुटुंबांनी सरकारकडून प्रत्येकी १५ लाख घेऊन गाव सोडायचं कबूल केलं. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावातल्या एका आजारी बाईला बांबूच्या स्ट्रेचरवर घालून भर पावसात जंगलातून चालत बाहेर आणावं लागलं. त्या गावांना रस्ता नाही, पूल नाही, आणि अभयारण्याच्या नियमांत तो सहजासहजी होणारही नाही. धान्य त्यांच्याकडं होतं, पाणी होतं, सरपण तर होतंच होतं. मी मित्राला म्हटलं, "अरे, ज्यांना तिथं जगायचं सगळं कसब येतं ते उठून चाललेत, आणि तू स्टॅबिलायझर घेऊन आत निघालायस." तो गप्प बसला, पण शीटमधले गुण त्यानं लगेच काही बदलले नाहीत.

त्याला मी आधी मामाकडं नेलं. माझं आजोळ खानापूर-जांबोटी रस्त्याच्या आसपासचं एक गाव आहे. मे महिन्याचे दिवस होते. मित्राला अपेक्षा अशी की एवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यात पाण्याची काय चिंता. मामानं त्याला विहिरीच्या काठावर उभं केलं आणि खाली बघायला सांगितलं. तळात एका कोपऱ्यात जेमतेम कळशी बुडेल एवढं पाणी.

पश्चिमेकडचा हा भाग जांभ्याचा. जांभा म्हणजे चाळण. चार महिने पाऊस ओततो, जमीन तो खाली सोडून देते, आणि उतारावरचं पाणी फेब्रुवारीपर्यंत निघूनही जातं. उंचावरची जागा बघायला देखणी असते, घराचा फोटो छान येतो, पण विहीर उतरत्या अंगाला, शेताच्या खालच्या टोकालाच लागते. म्हणून जागेबरोबर चारी बाजूंच्या विहिरी बघायच्या. दगडावर पाण्याचा पांढरा डाग कुठवर आहे बघायचा. उंबर आणि जांभळाची जुनी झाडं कुठं आहेत बघायची. विहीर असलीच तर मालकाला सांगून संध्याकाळी उपसून टाकायची आणि सकाळी किती चढली ते काठी घालून मोजायचं. आणि सगळ्यांत खात्रीची गोष्ट म्हणजे मे महिन्यात गावातल्या बायका घागरी घेऊन कुठल्या दिशेला जातात ते बघायचं. एजंटाच्या तोंडी 'बोअर मारली की झालं' असतं. बोअर काय, मारता येते. पाणी लागलंच पाहिजे असा काही त्याच्याशी करार नसतो.

मित्र हिशेबी आहे, त्यामुळं आम्ही मामाच्या सोप्यात बसून आकडे मांडले. घरातली चार माणसं. जलजीवन योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात, म्हणजे २२० लिटर. दोन गाईंना उन्हाळ्यात शंभरेक लिटर. रोज ३२० लिटर झाले. फेब्रुवारी ते मेअखेर १२० दिवस धरले तर ३८,४०० लिटर, आणि यात परसातल्या भाजीला एक थेंब नाही. आता छपराचा हिशेब. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की नव्वदेक लिटर पाणी होतं. वर्षाला २००० मिलिमीटर धरला तर पावणेदोन लाख लिटरच्या वर. म्हणजे पडणारं पाणी गरजेच्या कितीतरी पट. अडचण ठेवायच्या जागेची. चार मीटर लांब, चार रुंद, अडीच खोल अशी झाकलेली टाकी बांधली की ४०,००० लिटर मावतात. मित्राच्या बजेटात सोलरला मोठा रकाना होता, टाकीला नव्हता. तो त्यानं तिथंच घातला. त्या दिवसाचं सगळ्यांत उपयोगी काम हेच.

मग त्यानं उलटी उडी मारली. एवढी कटकट असेल तर नदीकाठच का घेऊ नये? निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी. काळी जमीन, ऊस, कृष्णा आणि दूधगंगा-वेदगंगा. तिकडची जमीन सोन्याची आहे, यात वाद नाही. पण २०१९ चं साल आठवावं. त्या मे महिन्यात अथणी-रायबागच्या बाजूला कृष्णेचं पात्र उघडं पडलं होतं, महाराष्ट्रानं कोयनेचं पाणी सोडावं म्हणून विनवण्या चालल्या होत्या. ऑगस्टात त्याच काठावरची गावं पाण्याखाली. तिकडं हिडकल आणि नविलुतीर्थ धरणांतून पाणी सोडावं लागलं तसं घटप्रभेनं गोकाक बुडवलं, मलप्रभेनं रामदुर्ग. एका काठावर तीन महिन्यांत दोन्ही टोकं. तिकडचा शेतकरी ते सोसतो कारण त्याचं ऊसबिल आहे, गावठाणात दुसरं घर आहे, सोयरे वरच्या गावात आहेत. नवख्यानं आणीबाणीसाठी म्हणून तिथं जाऊ नये, एवढं माझं मत.

बेळगाव शहराच्या कडेलाही त्यानं बोट ठेवून बघितलं. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाला पावसाळ्यात भातात घुसतो तो एक त्रास. दुसरा त्रास रस्त्यांचा. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमिनी गेल्या, शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात आणि बांधावर उभे राहिले. शहराला खेटून असलेल्या जमिनीला पुराच्या आधी नकाशाची भीती. हे त्याच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

जुलैतली भेट मात्र मी त्याला टाळू दिली नाही. कुरकुरत आला. येताना निपाणीजवळ आभाळ बघून त्याला धाकधूक झाली असणार, कारण यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी चढलं की राष्ट्रीय महामार्ग बंद होतो. २०१९ ला झाला, २०२१ ला झाला.  म्हणजे पुण्याहून 'संकट आलं की गाडी काढायची आणि खानापूर गाठायचं' हा जो त्याचा मूळ बेत, तो नेमका पावसाळ्यातल्या संकटात चालणारा नाही. संकट येईल तेव्हा माणूस आधीच तिथं असायला पाहिजे, आणि पुरेसे दिवस असायला पाहिजे, नाहीतर बंद घरात उंदरांची बेगमी होते.

गावात त्या आठवड्यात वीज नव्हती. कुठल्यातरी जंगलाच्या वळणावर झाड तारांवर पडलं होतं, हेस्कॉम या वीज कंपनीची माणसं आधी मोठ्या लाइनी जोडत होती, आमच्या फाट्याचा नंबर लांब. मित्राच्या डोळ्यांसमोर सोलरचं चित्र. मामानं त्याला आभाळ दाखवलं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ऊन कधी तोंड दाखवेल याचा नेम नाही. पॅनेलवर शेवाळ मात्र नेमानं येतं. उत्तर कन्नड, चिक्कमगळूरच्या घाटात लोक घराशेजारच्या ओढ्यावर छोटी जलविद्युत यंत्रं बसवतात, तो उपाय मला जास्त पटतो. ऊन नसतं तेव्हाच ओढा भरून वाहतो. पण त्यासाठी ओढा आपल्या हद्दीत आणि त्याला चांगला उतार पाहिजे. गोबरगॅसचं त्याचं गणित तर दोन ओळींत मोडलं. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. दोन गाईंवर त्याचा चहा होईल, स्वयंपाक होणार नाही.

रस्त्यावरचं झाड कुणी काढलं? गावातली आठ-दहा माणसं कोयते, करवत आणि दोर घेऊन गेली आणि दुपारपर्यंत रस्ता मोकळा करून आली. कुणी हुकूम दिला नव्हता. मित्र छत्री धरून बघत होता. मामा त्याला म्हणाला, "उद्या तुमच्या फाट्यावर झाड पडलं तर तुम्ही कुणाला हाक मारणार?" पुण्यातल्या माणसाला हा प्रश्न जरा उद्धट वाटला असेल.

या गावांत शेजारधर्माचे नियम कुठं लिहून ठेवलेले नसतात. यात्रेच्या आधी गाव वार पाळतं. ठरलेल्या दिवशी शेतात कुणी अवजार घालत नाही. बाहेरून येऊन जमीन घेतलेल्या एकानं अशाच वाराला ट्रॅक्टर घातला होता, त्याची गोष्ट अजून पारावर निघते. पंच कमिटीची वर्गणी, नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतात जायचे पैरे, मयताला खांदा. हे देणं वेळेवर दिलेलं असलं तर रात्री दोन वाजता कुणाचातरी टेम्पो तुमच्या दारात उभा राहतो.

रात्री दोनचा टेम्पो मी उगाच म्हणत नाही. पावसाळ्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं सगळे कोरड्या जागेच्या शोधात घराकडं सरकतात. सर्पदंशाची लस या चार जातींवर चालते. घाटातल्या चापडा या विषारी सापावर तिचा भरवसा धरवत नाही. लस तालुक्याच्या दवाखान्यात मिळाली तर ठीक, नाहीतर बेळगाव. कणकुंबीहून बेळगाव पन्नासेक किलोमीटर, खानापूरहून पंचवीसच्या आसपास, आणि जुलैतला एक किलोमीटर ऑक्टोबरातल्या तीन किलोमीटरांएवढा धरायचा. १०८ ला फोन करायला रेंज पाहिजे. घराच्या कुठल्या कोपऱ्यात एक काडी येते हे आधीच माहीत पाहिजे. जंगलाच्या कडेला राहायचं तर माकडतापाचंही भान ठेवावं. २०१५ ला गोव्याच्या सत्तरीत आणि पुढच्या वर्षी दोडामार्गात तो होता, म्हणजे आमच्या डोंगराच्या पलीकडच्याच उतारावर. गोचीड अंगाला लागणार नाही याची काळजी घ्यायची आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवायचं. हत्ती, गवे आणि रानडुकरं भातात येतात त्याचा हिशेब वेगळाच.

मामीचं कोठार बघताना मात्र मित्र खरोखर हरखला. त्यानं परदेशी कंपन्यांची डबाबंद अन्नाची यादी करून ठेवली होती, पंचवीस वर्षं टिकणारी. मामीकडं कणगीत भात, कारण भात टरफलासकट ठेवला तर तांदळापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. नाचणी, तिला तर कीड लागायला वेळ लागतो. भात काढल्यावर शेतातल्या ओलीवर घेतलेला मसूर, राखेत घोळून मडक्यात. माळ्यावर सुकलेली मिरची, आमसुलं, सांडगे, मीठ, आणि फडक्यात बांधलेली सुकी मासळी. चुलीच्या वर धुरात टांगलेलं बियाणं. पडवीत वाळलेला लाकूडफाटा आणि शेणी छताला टेकलेल्या. हे सगळं मेअखेर लागलेलं असतं, दरवर्षी, आणि पुढच्या मेपर्यंत वापरून संपतं. पंचवीस वर्षं टिकायची त्याला गरजच पडत नाही. माणशी महिन्याला दहा किलो तांदूळ धरला तर चौघांना वर्षाला ४८० किलो, म्हणजे साडेसात क्विंटलच्या आसपास भात. पावसावरच्या बऱ्या एकरातून १५ क्विंटल निघतं. पोटापुरतं अर्धा एकरात होतं, बाकी जमीन काजू, चारा आणि हौस. मित्र पाच एकर शोधत होता. मामी म्हणाली, "पाच एकरचं गवत कोण काढणार?"

आता हद्दीचा मुद्दा, जो बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये राज्याच्या सीमा बंद झाल्या तेव्हा कोगनोळीला हायवे अडला आणि शिनोळीला वेंगुर्ल्याचा रस्ता. चंदगड तालुक्यातल्या गावांना बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, आणि मधे अचानक बांबू आडवे. एकाच घरातल्या बहिणी दोन राज्यांत अडकल्या. सीमेचा वाद तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या हद्दीवर थांबतात, हे तर आम्हाला सवयीचं. म्हणून खानापूरच्या बाजूला राहणाऱ्यानं आपलं औषध, बँक, रेशन, गाडीचा मेकॅनिक हे सगळं हद्दीच्या एकाच बाजूला लावून ठेवावं, आणि कामापुरतं कन्नड शिकावं. वायरमनला, तलाठ्याला, नाक्यावरच्या पोलिसाला चार वाक्यं नीट बोलता आली तर अर्धी कामं तिथंच होतात. मराठी माणूस म्हणून हे लिहिताना मला काही अडचण वाटत नाही. मामा दोन्ही भाषांत भांडतो.

कागदाचं थोडक्यात. कर्नाटकात पूर्वी बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नव्हती; २०२० च्या दुरुस्तीनं १९६१ च्या भूसुधारणा कायद्यातली कलमं ७९-अ आणि ७९-ब निघाली, त्यामुळं माझ्या मित्राला आता दार उघडं आहे. उतारा कन्नडमध्ये येतो, तो ओळखीच्या माणसाकडून अक्षर न्‌ अक्षर वाचून घ्यावा. सर्व्हे नंबराचा तुकडा घ्यायचा तर ११-ई स्केच, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणीचा नकाशा लागतो. उताऱ्यावरचं 'ब' खराब क्षेत्र, म्हणजे नाला किंवा वाट, ते आपलं धरू नये. दलित-आदिवासी कुटुंबाला सरकारनं दिलेली जमीन असेल तर १९७८ च्या कायद्यानं तो व्यवहार उलटू शकतो. आणि जंगलहद्द कुठून जाते ते वनखात्याच्या नकाशावर बघावं, एजंटाच्या बोटावर नाही.

शेवटी एक तुकडा सगळ्यांना पटला. दोन एकराला थोडा कमी, गावठाणापासून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, खालच्या टोकाला विहीर जिच्यात मेमध्येही पुरुषभर पाणी होतं, आणि मलप्रभेचा एकही पूल न ओलांडता खानापूरला नेणारा रस्ता. मित्राच्या मूळ शीटमध्ये याला काठावर पास होण्यापुरते गुण पडले असते. मामानं एकच अट घातली: वरच्या आळीची गुरं ज्या पायवाटेनं ओढ्यावर जातात ती कुंपणात घ्यायची नाही. मित्रानं वाट रुंद सोडायचं कबूल केलं.

व्यवहार अजून झालेला नाही. उताऱ्यावर भावा-बहिणींची सात नावं आहेत. चौघं गावात, एक भाऊ मुंबईला, एक बहीण म्हापशाला, आणि सर्वांत थोरली आक्का चंदगड तालुक्यात दिलेली. बाकीच्यांच्या सह्या तयार आहेत. आक्का म्हणते, विहिरीच्या बाजूचा फणस आईनं लावलेला आहे, दरवर्षी त्याची दोन फळं घरपोच येणार असतील तर सही करते, आणि तसं कागदावर लिहून पाहिजे. मित्राच्या वकिलाला हे कुठल्या कलमात बसवायचं ते सुचत नाहीये.